भाडेकरूची भीती आणि हप्त्याचं गणित

पुण्या-मुंबईत नोकरदार माणसाच्या गाठीशी वीस-पंचवीस लाख जमले की घरातून, ऑफिसातून, एजंटाकडून त्याला एकच सल्ला मिळतो : दुसरा फ्लॅट घेऊन टाक, भाड्यातून हप्ता सुटेल, वीस वर्षांनी घर आयतं पदरात पडेल. त्याने फ्लॅट घेतला की लगेच पुढचा सल्ला येतो : भाडेकरूवर भरवसा ठेवू नकोस, अकरा महिन्यांच्या वर कुणाला टिकू देऊ नकोस, नाहीतर घर हातचं गेलं म्हणून समज. सांगणारे आपलेच असतात आणि मनापासून सांगतात. तरीही दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. पहिला आकड्यांपुढे टिकत नाही आणि दुसरा कायद्यापुढे. भाड्याच्या घरापायी वर्षानुवर्षं मनस्ताप सोसणारे जे मालक मी पाहिले, त्यांतल्या बहुतेकांचं नुकसान भाडेकरूने केलेलं नव्हतं. खरेदीच्या वेळी न मांडलेल्या हिशेबाने आणि करार करताना केलेल्या टाळाटाळीने ते झालं होतं.

आधी हिशेब मांडू. वारज्यासारख्या भागात ८० लाखांचा तयार दोन बीएचके धरा. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या भागात थोडेफार पुढेमागे होतील, पण चित्र तेच राहील. पुणे महापालिकेच्या हद्दीत ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५ लाख ६० हजार, नोंदणी ३० हजार. भाडेकरू राहायला येईल अशी अवस्था आणायला, म्हणजे पंखे, गीझर, किचन ट्रॉली, दोन कपाटं, खिडक्यांना जाळ्या आणि ग्रिल, तीन लाख कुठेच जात नाहीत. घर पडलं जवळजवळ ८९ लाखांना. बँकेने ६४ लाख दिले, २० वर्षांसाठी, साडेआठ टक्क्यांनी. हप्ता सुमारे ५५ हजार ५०० रुपये. खिशातून गेले २५ लाख.

आता भाडं. महिना २५ हजार, वर्षाचे तीन लाख. ‘हप्ता सुटतो’ म्हणणारा इथेच थांबतो, आणि इथेच हप्ता निम्माही सुटलेला नाही. पण थांबायचं नाही, कारण ते तीन लाख पूर्ण हातात येत नाहीत. सोसायटीचा मेंटेनन्स महिना साडेतीन हजार धरला तर वर्षाचे ४२ हजार, आणि तो बहुधा मालकच भरतो. मालमत्ता कर २० हजार धरू. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला देते ती ४० टक्क्यांची सवलत घर भाड्याने दिल्यावर मिळत नाही, हे बहुतेकांना पहिलं बिल हातात पडल्यावर कळतं. एक महिना घर रिकामं राहिलं, २५ हजार. दोन वर्षांनी भाडेकरू बदलला आणि एजंटाला महिन्याचं भाडं दिलं, तर वर्षाला साडेबारा हजार. रंग, प्लंबर, गीझरची कॉइल, दरवाजाचं लॅच मिळून १८ हजार. सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क दोन-तीन हजार. हे सगळं वजा केलं की उरतात १ लाख ८० हजारांच्या आसपास. ८९ लाखांवर दोन टक्के. महिन्याचे पंधरा हजार, आणि समोर हप्ता साडेपंचावन्न हजारांचा. म्हणजे २५ लाख गुंतवून झाल्यावरही दर महिन्याला चाळीस हजार पगारातून जायचेच. नोकरी गेली, घरात आजारपण आलं, तरी जायचे.

यावर उत्तर येतं की टॅक्स वाचतो. वाचत होता, एका मर्यादेत. भाड्यातून मालमत्ता कर वजा जाता उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते आणि कर्जाचं व्याजही वजा होतं. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षीचं व्याज ५ लाख ४० हजारांच्या घरात जातं, म्हणजे कागदावर साडेतीन लाखांच्या आसपास तोटा. जुन्या करप्रणालीत त्यातले फक्त दोन लाख पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येतात, उरलेला तोटा पुढची आठ वर्षं घरभाड्याच्या उत्पन्नाशी मांडायचा. नव्या करप्रणालीत हा तोटा पगारातून एक रुपयाही वजा होत नाही. आणि २०२३-२४ पासून नवी प्रणाली हाच मूळ पर्याय आहे. टॅक्स वाचेल या भरवशावर घर विकणाऱ्या एजंटाला एकच प्रश्न विचारावा : कुठल्या प्रणालीत? तिथे संभाषण संपतं.

मग शेवटचा आधार उरतो तो भाववाढीचा. भाडं कमी असेना, घराची किंमत तर वाढते. वाढते, पण सलग आणि सगळीकडे वाढत नाही. २०१४ नंतरची पाच-सहा वर्षं पुण्या-मुंबईच्या कितीतरी भागांत किमती जागच्या जागी होत्या, हे त्या काळात फ्लॅट विकायला काढलेल्या कुणालाही विचारा. आणि ‘माझ्या काकांनी तीसला घेतलेला साठला गेला’ या वाक्यात वर्षं सांगितलेली नसतात. पंधरा वर्षांत दामदुप्पट म्हणजे वर्षाला पावणेपाच टक्क्यांहूनही कमी, आणि त्यातून भरलेलं व्याज अजून वजा करायचं आहे. शिवाय भाव वाढतो तो जमिनीचा. इमारत जुनी होत जाते, लिफ्ट बदलावी लागते, गच्चीची वॉटरप्रूफिंग दहा वर्षांत पुन्हा करावी लागते. सोसायटीच्या नावे जमिनीचं अभिहस्तांतरण झालेलंच नसेल, तर पुनर्विकासाच्या वेळी त्या वाढलेल्या किमतीवर हक्क सांगणं हीच लढाई होऊन बसते.

मग भाड्यासाठी घर घ्यायचंच नाही का? घ्यावं, पण ज्याचं कर्ज किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नाही, ज्याचं स्वतःचं राहतं घर फिटलेलं आहे आणि जो सहा महिने भाडं न येताही हप्ता भरू शकतो, त्याने. माझं मत विचाराल तर निवृत्तीच्या आसपास, फंडाच्या पैशातला एक भाग घालून घेतलेलं एक बीएचके हे भाड्याच्या घराचं सगळ्यात शहाणं रूप आहे. मोठ्या फ्लॅटचं भाडं किमतीच्या प्रमाणात मिळत नाही. दीड कोटीच्या तीन बीएचकेत राहायला येणारं कुटुंब निवडक असतं आणि तेही लवकर स्वतःचं घर घेतं. एक बीएचकेला माणसं सतत लागतात.

बांधकाम चालू असलेलं घर भाड्याच्या हेतूने घेणं मला सरळ चूक वाटतं. हप्ता किंवा व्याज सुरू, भाडं शून्य, आणि वर ५ टक्के जीएसटी. भोगवटा पत्र मिळालेल्या तयार घरावर तो लागत नाही. महारेरा २०१७ पासून आहे, त्यामुळे बिल्डरला जाब विचारता येतो हे खरं, पण जाब विचारून भाडं सुरू होत नाही.

घर बघायला जाता तेव्हा काय बघता, हेही बदलायला हवं. स्वतःसाठी घर घेणारा माणूस बाल्कनीतून दिसणारी टेकडी बघतो. भाड्यासाठी घेणाऱ्याने बाथरूम बघावी. जमलं तर आधी खालच्या मजल्यावर जाऊन, विनंती करून, त्यांच्या बाथरूमचं छत बघावं. तिथे पोपडे, पिवळसर डाग किंवा नुकताच मारलेला पांढरा पट्टा दिसला, तर वरच्या बाथरूमचा कोबा गेला आहे. मग फरशी, नहाणी ट्रॅप, संकनमधला भराव सगळं काढून पुन्हा वॉटरप्रूफिंग करावं लागतं, तोवर घर रिकामं, आणि खालच्यांची तक्रार सोसायटीच्या पत्राने तुमच्याकडे. भाड्याच्या घरातली निम्मी भांडणं पाण्याची असतात, एक तर येत नाही म्हणून किंवा गळतं म्हणून. वॉचमनला विचारा, मे महिन्यात दिवसाला किती टँकर येतात. एजंट जे सांगणार नाही ते तो सांगतो. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जाऊन थकबाकी, अभिहस्तांतरण, सिंकिंग फंडात काय आहे आणि लिफ्टचा देखभाल करार चालू आहे की नाही, एवढं विचारा. एक संध्याकाळ जाते.

आता दुसरा सल्ला, भीतीचा. ही भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही, कारण तिला खरा इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी बांधून ठेवली, आणि पाया धरला १ सप्टेंबर १९४० चा. पुढच्या पन्नास वर्षांत सगळ्याच्या किमती कुठच्या कुठे गेल्या आणि गिरगाव-दादरच्या चाळींची भाडी शेकड्याच्या आतबाहेर राहिली. मालकांनी दुरुस्ती सोडून दिली, व्यवहार पागडीवर गेला. यातून सुटका म्हणून मालक ‘भाडेकरू’ऐवजी ‘लायसन्सधारक’ ठेवू लागले. तेव्हा सरकारने १९७३ साली कायद्यात दुरुस्ती केली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचं लायसन्स चालू होतं आणि जे जागेत राहत होते, त्यांना भाडेकरूचं संरक्षण दिलं. एका तारखेने हजारो मालकांच्या हातून घरं गेल्यासारखी झाली. त्या पिढीने आपल्या मुलांना जे सांगितलं ते अनुभवाने सांगितलं. त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही.

पण तो कायदा आता नाही. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे, आणि लीव्ह अँड लायसन्सबाबत त्याने मालकाच्या बाजूने जे केलं ते आपल्या बोलण्यात अजून उतरलेलं नाही. कलम २४ वाचा. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली आणि माणूस निघाला नाही, तर मालक दिवाणी कोर्टाच्या लांब वाटेने न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. लेखी करारात जे लिहिलं आहे तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा मानला जातो, त्यामुळे ‘मी लायसन्सधारक नाही, भाडेकरू आहे’ हा पवित्रा चालत नाही. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने बचावाची परवानगी मागितली नाही, तर मालकाचं म्हणणं मान्य धरलं जातं. निकालावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण. प्रत्यक्षात याला महिने लागतात, कधी जास्तही लागतात, हे खरं आहे. पण ‘भाडेकरू बसला की वीस वर्षं कोर्टात’ हे चित्र जुन्या कायद्याखालच्या भाडेकरूंचं आहे. नोंदणी केलेल्या लीव्ह अँड लायसन्सचं ते नाही.

‘बारा वर्षं राहिला की मालक होतो’ हे तर सर्रास ऐकू येतं. मुदतीच्या कायद्यातले बारा वर्षांचे शब्द प्रतिकूल कब्जाबद्दल आहेत, म्हणजे मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे, त्याच्याविरुद्ध ठेवलेल्या कब्जाबद्दल. तुमच्या परवानगीने, करार करून, दर महिन्याला भाडं देऊन राहणारा माणूस तुमचा मालकी हक्क मान्य करूनच राहत असतो. बारा वर्षं राहू द्या किंवा पंधरा, त्यातून मालकी निर्माण होत नाही. चांगल्या भाडेकरूला ‘आता बरीच वर्षं झाली’ म्हणून घालवणाऱ्या मालकांनी हे एकदा वकिलाकडून खात्री करून घ्यावं आणि मग त्याला राहू द्यावं.

आणि अकरा महिने? ही प्रथा आली नोंदणी कायद्यातून. १९०८ च्या त्या कायद्याप्रमाणे एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. म्हणून देशभर लोकांनी अकरा महिन्यांचा स्टँपपेपर काढायला सुरुवात केली. महाराष्ट्रात या युक्तीचा उपयोग उरलेला नाही. १९९९ च्या अधिनियमाचं कलम ५५ सांगतं की लीव्ह अँड लायसन्स किंवा भाड्याचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदवलेला हवा. मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मालकाला याहून झोंबेल अशी तरतूद याच कलमात आहे : करार नोंदवलेला नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच खरं धरलं जाईल, उलट सिद्ध होईपर्यंत. पाचशेच्या स्टँपपेपरवर नोटरीचा शिक्का मारून ज्याने हजार-दोन हजार वाचवले, त्याने भाडं किती, मुदत किती, डिपॉझिट किती, या सगळ्याचा पहिला शब्द स्वतःहून समोरच्याच्या हाती दिला. त्याला वाटतं की आपण सुरक्षित आहोत, कारण अकराच महिने लिहिले आहेत.

वर ही नोंदणी आता घरबसल्या होते. नोंदणी विभागाची ऑनलाइन सोय आहे, आधार आणि बोटाचा ठसा लागतो, करार करून देणारा माणूस मशीन घेऊन घरी येतो. पण त्या माणसाचा आणि एजंटाचा फायदा कशात आहे हेही पाहा. दर अकरा महिन्यांनी नवा करार म्हणजे दर अकरा महिन्यांनी नवी फी, आणि भाडेकरू बदलला तर नवी दलाली. लीव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंतचं करता येतं. दोन किंवा तीन वर्षांचा करार करा, दरवर्षी पाच टक्के वाढ त्यातच लिहा, पहिले सहा महिने लॉक-इन ठेवा, नंतर दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस. एवढ्याने दोघांची झोप चांगली लागते.

भीतीचा सगळ्यात महाग परिणाम रिकाम्या घरात दिसतो. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागांत १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी सापडली होती. त्यांतली सगळीच भीतीपोटी रिकामी नसतील, पण आपल्या सोसायटीत वर्षानुवर्षं कुलूप असलेले दोन-तीन फ्लॅट प्रत्येकाने पाहिलेले असतात, आणि त्यांच्या मालकांचं उत्तर ठरलेलं असतं : कशाला नसती भानगड. बंद घराचा मेंटेनन्स चालू राहतो, कर चालू राहतो, नळांचे वायसर वाळतात, ओल चढते. ज्या घरात माणसं राहतात त्याची गळती आठवड्यात कळते. बंद घराची कळते ती खालच्याचं फॉल्स सीलिंग कोसळल्यावर.

घर देणारे मालकसुद्धा अर्धवट भीतीने देतात. बॅचलर नको, एकट्या बाईला नको, मांसाहारी नको, अमुक धर्माचे नको, वकील-पोलीस नकोत. माणसाला त्याच्या धर्मावरून किंवा ताटातल्या अन्नावरून घर नाकारणं मला अन्याय वाटतो, आणि तो अन्याय या शहरांत रोज होतो. सभ्य नोकरी, वेळेवर पगार, आधीच्या मालकाचा चांगला शब्द, हे सगळं असलेली माणसं नुसतं आडनाव सांगताच ‘कळवतो’ ऐकून परततात. मी ज्यांच्याविरुद्ध हे लिहितो आहे त्यांना न्यायाची भाषा पटत नसेल तर आकडे पटावेत. २५ हजारांचं घर महिनाभर रिकामं राहिलं तर २५ हजार गेले. मनासारखा भाडेकरू मिळेल आणि दोन हजार जास्त देईल म्हणून तो महिना घालवला असेल, तर ते भरून यायला साडेबारा महिने लागतात. करार अकराच महिन्यांचा आहे. दोन महिने घालवले तर वर्षाच्या भाड्याचा सहावा हिस्सा गेला, आणि कुठलाही ‘आदर्श’ भाडेकरू तेवढं जास्त भाडं देत नाही.

चालू भाडेकरूला काढण्याचंही तेच. तो २५ हजार देतो आणि बाजारात २७ मिळतात, म्हणून त्याला नोटीस देणाऱ्याने कागद घेऊन बसावं. एक महिना रिकामा, महिन्याची दलाली, रंगकामाचे पंधरा हजार, मिळून ६५ हजार. महिना दोन हजारांनी ते वसूल व्हायला अडीच वर्षांहून जास्त लागतात. दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं टाकणारा, नळ गळला की स्वतः प्लंबर बोलावून बिलाचा फोटो पाठवणारा माणूस बाजारभावापेक्षा दोन हजार कमी देत असेल तरी तो स्वस्तात पडलेला आहे. त्याला जपावं.

भाडेकरू पारखायची जागा वेगळी आहे. कंपनीचं ओळखपत्र आणि पगाराच्या तीन स्लिपा मागा, भाडं त्याच्या हातात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत आहे का बघा, आणि आधीच्या घरमालकाला फोन करा. आत्ताच्या मालकाला नको, त्याच्याही आधीच्या. आत्ताच्याला तो जायला हवा असू शकतो. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं बंधनकारक आहेच आणि ते ऑनलाइन होतं, पण ते केलं म्हणजे माणूस तपासून झाला असं समजू नये. तो फोन पाच मिनिटांचा असतो आणि बहुतेक मालक करत नाहीत.

सोसायट्यांच्या बाबतीत मालक उगाच दबतात. कमिटी भाडेकरूची मुलाखत घेते, बॅचलरसाठी वेगळा दर लावते, ‘एनओसी’चे पैसे मागते. सोसायटीला आधी कळवणं, नोंदवलेल्या कराराची आणि पोलीस नोंदीची प्रत देणं हे तुमचं काम. त्यापलीकडे बिनभोगवटा शुल्काची मर्यादा राज्य सरकारने १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने सेवाशुल्काच्या १० टक्के अशी घातली आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने माँ ब्लां सोसायटीच्या प्रकरणात ती उचलून धरली. १० टक्के सेवाशुल्काचे, भाड्याचे नव्हे. तुमच्या महिन्याच्या बिलात तो आकडा हजारांत असेल तर लेखी विचारा.

आता मालकांना जे ऐकायला आवडत नाही ते. डिपॉझिट हा भाडेकरूचा पैसा आहे. तो तुम्ही मुलाच्या फीमध्ये किंवा गाडीच्या डाउन पेमेंटमध्ये घातला असेल तर भाडेकरू जाण्याच्या दिवशी तो तुमच्याकडे नसतो, आणि मग भिंतीवरचे खिळे दिसू लागतात. दोन वर्षं माणसं राहिली की रंग मळणारच, स्वयंपाकघराच्या टाइल्सवर तेलाचा थर येणारच, खिळ्यांची भोकं पडणारच. ही झीज भाड्यात धरलेली आहे. फुटलेलं बेसिन, उपटलेलं लॅच, जळलेली ट्रॉली, हे नुकसान. दोन्हींतला फरक आठवणीवर सोडला की भांडण होतंच. म्हणून किल्ली देण्याच्या दिवशी दोघांनी मिळून फोनवर व्हिडिओ काढावा. दार उघडण्यापासून सुरू करावा, प्रत्येक नळ सोडून दाखवावा, फ्लश ओढावा, गीझरचा दिवा लागतो का बघावं, कपाटाचे बिजागर हलवावेत, महावितरणच्या मीटरचा आकडा जवळून टिपावा, किल्ल्या मोजाव्यात. त्याच दिवशी तो दोघांच्या व्हॉट्सअॅपवर जावा. जाण्याच्या दिवशी तोच व्हिडिओ बघत घर फिरावं आणि पैसे तिथल्या तिथे परत करावेत. वीजबिलाचे दोन हजार मागे ठेवायचे असतील तर तेवढेच ठेवावेत, पाऊण लाख अडकवू नयेत. पुण्याबाहेरून आलेली पोरं डिपॉझिटचे पन्नास-साठ हजार सोडून दुसऱ्या शहरात नोकरीला जातात, कारण त्यांना इथे राहून भांडणं परवडत नाही. त्यांचे ते पैसे ठेवून घेणारे मालक पुढे जाऊन भाडेकरूंच्या बेइमानीबद्दल बोलतात, तेव्हा मला राग येतो.

भाडं थकलं म्हणून मीटर काढणं, पाणी बंद करणं, कुलूप बदलणं, हेही आपल्याकडे हुशारी म्हणून सांगितलं जातं. भाडेकरूचं वीज-पाणी अडवायला १९९९ च्या कायद्यातच बंदी आहे. आणि कायद्याने चाललेली केस अशा एका कृतीने उलटी फिरते, कारण मग पोलीस ठाण्यात तक्रारदार तो असतो. भाडं दोन महिने आलं नाही तर लेखी नोटीस द्यावी, डिपॉझिट संपायच्या आत मुदत द्यावी, आणि मग सक्षम प्राधिकारी.

परदेशात राहणाऱ्या मालकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण अमेरिकेत किंवा दुबईत बसून कोथरूडचा फ्लॅट भाड्याने देणारे पुष्कळ आहेत. मालक अनिवासी असेल तर भाडं देताना भाडेकरूने त्यातून कर कापून भरायचा असतो, तोही सुमारे ३१ टक्क्यांच्या दराने. निवासी मालकाला महिना पन्नास हजारांच्या वरच्या भाड्याला जी मर्यादा आहे ती इथे नाही. हे न सांगता घर देणं म्हणजे त्या भाडेकरूच्या गळ्यात कराची नोटीस अडकवणं. इथे कुलमुखत्यारपत्र कुणाच्या नावे आहे, ते नीट साक्षांकित आहे का, आणि गीझर बिघडला तर फोन कोण उचलणार, हे करारापूर्वी ठरलेलं असावं. ‘आई बघेल’ असं म्हणून सत्तरीच्या बाईवर प्लंबर, सोसायटी आणि भाडेकरू सोपवलेली घरं मी पाहिली आहेत. तिला हे काम जमतं का, हे कुणी तिला विचारलेलं नसतं.

ज्यांच्या घरात आज, हे वाचताना, नोंदणीशिवायच्या करारावर कुणी राहत आहे, त्यांनी पुढचा अकरावा महिना यायची वाट बघू नये. २५ हजार भाडं, ७५ हजार डिपॉझिट आणि २४ महिन्यांचा करार धरा. एकूण भाडं ६ लाख, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के म्हणून दोन वर्षांचे १५ हजार, त्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे १ हजार ५३८ रुपये. शहरी हद्दीत नोंदणी फी एक हजार, वर हाताळणी शुल्क. साधारण तीन हजारांत दोन वर्षांचा नोंदवलेला करार होतो. या रविवारी भाडेकरूला फोन करून आधार कार्ड तयार ठेवायला सांगावं, आणि खर्च दोघांत अर्धा-अर्धा वाटून घ्यावा.